कायदा, काव्य आणि कालगणना

इ. स. १८६४ साली हिंदुस्थान सरकारने एक लहानसा कायदा करून इंग्रजी न्यायालयांतील शास्त्र्यांची आणि मौलवींची पदे बरखास्त केली. मुंबई इलाख्यातील अदालतींत तोवर एक शास्त्री नेमलेला असे. निपुत्रिक वारलेल्या इसमाची मिळकत विधवेकडे जाते की पुतण्याकडे, दत्तक गेलेल्याला जन्मदात्याच्या घरी वाटा राहतो की नाही, असले प्रश्न न्यायाधीश कागदावर लिहून त्याच्याकडे पाठवी. आणि तो मिताक्षरा, मयूख, निर्णयसिंधु यांपैकी जो ग्रंथ लागू पडेल त्यातील वचन काढून, त्याखाली आपली व्यवस्था लिहून व सही करून तो कागद परत करी. धर्मशास्त्र आता न्यायाधीशांना स्वतःच अवगत झाले आहे, सबब शास्त्र्यांची जरूर उरली नाही, असे सरकारने गृहीत धरले. शास्त्री घरी गेले. प्रश्न मात्र अदालतीतच राहिले, आणि त्यांची उत्तरे ज्या पोथ्यांत होती त्या पोथ्या वाचू शकणारा मनुष्य कोर्टाच्या आवारात उरला नाही.

आपल्याकडील आधुनिक संशोधनाचा उगम १८५७ च्या मुंबई विद्यापीठात शोधण्याचा प्रघात आहे. मला तो तितकासा पटत नाही. ते विद्यापीठ त्या काळी परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी एक कचेरी होती. १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे चौघे तेथून पहिले बी. ए. होऊन बाहेर पडले हे खरे. परंतु संशोधनाची निकड त्यांना आणि त्यांच्या पिढीला भासली ती अदालतीतील दाव्यांमुळे, रानावनात पडलेल्या कोरीव लेखांमुळे आणि दरवर्षी तंटे उत्पन्न करणाऱ्या पंचांगामुळे. ती अशी बाहेरून आली म्हणूनच त्या पिढीने कायदा, साहित्य आणि गणित यांच्या दरम्यान कुंपणे घातली नाहीत. कोणता प्रश्न कोणत्या खात्याचा, हे विचारण्यास खातीच नव्हती.

शास्त्र्यांची पदे गेली त्याच्या आदल्या वर्षी, १८६३ मध्ये, गेओर्ग ब्यूलर नावाचा जर्मन पंडित एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापक म्हणून दाखल झाला होता. न्यायखात्यातील रेमंड वेस्ट यांच्या साहाय्याने त्याने इलाख्यातील निरनिराळ्या अदालतींच्या दप्तरांतून शास्त्र्यांच्या जुन्या व्यवस्था जमवल्या, त्यांतील वचने मूळ ग्रंथांशी ताडून पाहिली, आणि १८६७ व १८६९ मध्ये त्यांचा संग्रह दोन भागांत प्रसिद्ध केला. वचने ताडावयाची तर विश्वसनीय पोथी हवी, आणि एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या पुढे ठेवल्या की त्या आपसांत जुळत नाहीत, हा अनुभव प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात येतो. सरकारी खर्चाने पोथ्या मिळवण्याची जी मोहीम इलाख्यात १८६६ पासून सुरू झाली, ब्यूलर, कीलहॉर्न आणि पुढे भांडारकर हे जिच्यासाठी राजपुताना व गुजराथेपर्यंत हिंडले, तिला वारसाहक्काच्या दाव्यांनी पुष्कळच चालना दिली. त्या पोथ्यांचा संग्रह पुढे डेक्कन कॉलेजात आणि १९१७ मध्ये पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाल्यावर तेथे आला, आणि त्याच्याच आधाराने पुढे केवढे कार्य झाले ते यथाक्रम येईलच.

अदालतीला पोथीचे महत्त्व का वाटावे, हे एका उदाहरणाने कळेल. मुंबई बेटात, गुजराथेत आणि उत्तर कोकणात हिंदूंच्या वारसाबाबत नीलकंठभट्टाच्या व्यवहारमयूखाला मिताक्षरेहून अधिक मान होता; उर्वरित महाराष्ट्रात मिताक्षरा प्रथम आणि मयूख तिच्या खालोखाल. नीलकंठ हा सतराव्या शतकातील काशीचा पंडित, परंतु त्याचे घराणे मूळचे पैठणचे. मृताला पुत्र नाही, विधवा नाही, कन्या नाही, आईबाप नाहीत, भाऊ-पुतणे नाहीत, अशा स्थितीत नीलकंठाने बापाच्या आईच्या मागोमाग बहिणीला बसवले. बहीण विवाहाने परगोत्रात गेली तरी जन्मली ती भावाच्याच गोत्रात, तेव्हा तिलाही गोत्रज का म्हणू नये, असा त्याचा सरळ युक्तिवाद. या एका ओळीच्या बळावर मुंबई इलाख्यातील कित्येक बहिणींना भावाची जमीन मिळाली. उत्तर हिंदुस्थानात मिताक्षरेखालील बहिणींना वारसपंक्तीत स्थान मिळण्यास १९२९ चा कायदा व्हावा लागला, आणि १९५६ च्या वारसाहक्क कायद्यात ती भावाच्या बरोबरीने एकाच ओळीत आली. व्याकरणाची म्हणून जी बाब पंडितांच्या सभेत वेळ घालवण्याची वाटते, तिच्यावर इकडे घरे, शेते आणि आंबराया अवलंबून होत्या. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी वकिली सांभाळून याज्ञवल्क्यस्मृती आणि व्यवहारमयूख यांची संहिता भाषांतरासह १८८० मध्ये काढली, आणि १८८६ मध्ये मनुस्मृती अनेक टीकांसह छापली, ती या निकडीतून.

मंडलिक मूळचे दापोली तालुक्यातील मुरूडचे. हे गाव समुद्रकाठचे, नारळी-पोफळीचे, आणि लोकसंख्येने बेताचेच. परंतु ज्यांच्याविषयी पुढे लिहावयाचे आहे ते शंकर बाळकृष्ण दीक्षितही तेथलेच, आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेही बालपण तेथेच गेले. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे वडील दापोलीस वकिली करीत, सबब काण्यांचे शालेय शिक्षणही दापोलीचेच. दापोलीची आणखी एक आठवण आहे, ती मी शेवटासाठी राखून ठेवतो.

अदालतीत पोथ्यांची वाण पडली त्याच सुमारास मुंबईतील एक डॉक्टर निराळ्याच शोधात गुंतला होता. डॉ. भाऊ दाजी लाड हे मूळचे गोव्यातील मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. दिवसा रोगी तपासावेत, महारोगावर देशी औषधींचे प्रयोग करावेत, आणि उरलेल्या वेळात कोरीव लेखांचे ठसे वाचावेत, असा त्यांचा दिनक्रम. आपल्या ग्रंथात आर्यभटाने कलियुगाची ३६०० वर्षे लोटली तेव्हा आपण तेवीस वर्षांचे होतो असे नमूद केले आहे. यावरून त्याचा जन्म इ. स. ४७६ चा, हे भाऊ दाजींनी १८६५ च्या निबंधात दाखवून दिले. त्याच निबंधात त्यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे सापडलेल्या शिलालेखाची हकीकत दिली आहे.

हा शिलालेख मला त्या सबंध काळातील सर्वांत बोलका वाटतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी प्रभृती ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापला, आणि तेथल्या निकुंभवंशीय सामंताने शके ११२८ मध्ये त्याला उत्पन्न लावून दिले. लेखाचा आरंभ संस्कृत श्लोकांत आहे, शेवट मराठी गद्यात. आणि त्या मराठीत बाजारातील मालावर मठासाठी काय काढावे, प्रत्येक घाण्यामागे किती तेल द्यावे, याचा तपशील आहे. घाण्यामागे एकेक पळी तेल. एकाच दगडावर गणिताचा इतिहास, सामंतांची वंशावळ, करवसुलीचा कायदा आणि आपल्या भाषेच्या अगदी आरंभीच्या गद्याचा मासला! ज्योतिषी, इतिहासकार, कायदेपंडित आणि भाषाशास्त्रज्ञ या चौघांनी या दगडापाशी एकमेकांना जागा द्यावी अशीच त्याची घडण आहे. प्रत्यक्षात तो जगापुढे आणला तो एका वैद्याने.

दगडांवरील काळ ठरवण्याचे काम पुढे ज्याच्याकडे आले तो मनुष्य पदवी देणाऱ्या कॉलेजची पायरी कधी चढला नव्हता. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून शाळामास्तर झाले, आणि रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा गावी त्यांच्या बदल्या होत राहिल्या. त्या काळी गुप्तराजांचा शक नेमका केव्हा सुरू झाला यावर युरोपीय पंडितांत मोठा वाद माजला होता. कोणी तो इ. स. ७८ मध्ये नेई, कोणी १६६ मध्ये, तर अल्बेरूनीच्या शब्दांवर विश्वास ठेवणारे ३१९ च्या सुमारास. जॉन फ्लीट हा मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी गुप्तांच्या लेखांचे संपादन करीत होता. त्याने ही गाठ सोडवण्यासाठी दीक्षितांकडे धाव घेतली. सागर जिल्ह्यातील एरण येथे बुधगुप्ताच्या कारकीर्दीतील स्तंभ आहे. त्यावर संवत्सर १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार अशी मिती कोरलेली आहे. वर्ष, मास आणि तिथी यांच्या जोडीला वार दिलेला आढळणे ही प्राचीन लेखांत भाग्याची गोष्ट. कारण तिथी कोणत्याही वर्षी येते, परंतु वार पुढे सरकत असतो, आणि सर्व अंगे एकत्र जुळतील असे वर्ष क्वचितच सापडते. दीक्षितांनी सूर्यसिद्धान्ताच्या रीतीने प्रत्येक पक्षाचे वर्ष मांडून पाहिले. तिथी आणि वार जुळले ते शके ४०६ या वर्षी, म्हणजे २१ जून ४८४ रोजी. १६५ मध्ये ३१९ मिळवले की ४८४ होतात. फ्लीटचा ग्रंथ १८८८ मध्ये निघाला, आणि गुप्तशकाचा वाद त्यानंतर फारसा उरला नाही.

मराठी शाळेच्या मास्तराने पाटीवर केलेल्या गणिताने समुद्रगुप्तापासून हर्षापर्यंतच्या इतिहासाला बैठक मिळाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. याच दीक्षितांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. त्याला प्रेरणा मिळाली ती दक्षिणा प्राइज कमिटीच्या पारितोषिकाची. ही कमिटी म्हणजे एक विलक्षण वारसा होता. श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना रमण्यात कोंडून दक्षिणा वाटण्याची पेशवाईतील चाल इंग्रजांनी प्रथम चालू ठेवली, मग तिचा पैसा हळूहळू पुण्याच्या पाठशाळेकडे, ग्रंथांच्या पारितोषिकांकडे आणि कॉलेजातील फेलोशिपांकडे वळवला. पर्वतीच्या पायथ्याशी रुपये मोजून घेणाऱ्या भटजींच्या रांगेतून नक्षत्रांच्या इतिहासाचा ग्रंथ बाहेर पडावा, हे पाहून बाजीरावालाही नवल वाटले असते. दीक्षितांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद मात्र सत्तरएक वर्षांनी, १९६९ पासून, भागाभागाने छापला गेला. तोवर परदेशी अभ्यासकांपैकी ज्यांना त्याचे मोल कळले त्यांना तो मराठीतूनच वाचणे भाग होते. या काळातील एकाच ग्रंथाला मानाचे पान द्यावयाचे झाले तर मी ते याला देईन.

ज्योतिष हे त्या पिढीचे व्यसनच होते म्हणा ना. लोकमान्य टिळकांनी बी. ए. गणितात केले, पुढे कायद्याची पदवी घेतली, आणि १८९३ मध्ये मृगशीर्षावरून वेदांचा काळ ठरवणारा 'ओरायन' लिहिला. त्यांच्या निष्कर्षांबद्दल मतभेद झाले आणि आजही आहेत. परंतु वकिलाची युक्तिवादाची सवय व गणितज्ञाचा ताळा एकाच ग्रंथात भेटतात, हे वाचकाला जाणवल्याशिवाय राहत नाही. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांची प्रकृती याहून शांत. रामायण हे होमरच्या काव्यावरून रचले असा तर्क जर्मन पंडित वेबर याने लढवला, त्याचे खंडन तेलंगांनी तेविसाव्या वर्षी, १८७३ मध्ये, केले. गीतेचे त्यांचे इंग्रजी भाषांतर मॅक्समुल्लरच्या ग्रंथमालेत १८८२ मध्ये आले. भर्तृहरीची शतके आणि मुद्राराक्षस त्यांनी संपादिले. आणि १८८९ मध्ये ते हायकोर्टाच्या न्यायासनावर बसले. प्रक्षिप्त श्लोक आणि बनावट दस्तऐवज यांची पारख करण्याची दृष्टी मुळात एकच असते, याचे तेलंगांएवढे चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. चव्वेचाळिशीही न गाठता १८९३ मध्ये ते वारले.

या पांडित्याची खरी परीक्षा झाली ती १८९१ मध्ये. पतिपत्नीसमागमाच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेणारे विधेयक सरकारने आणले, आणि ते धर्मशास्त्राविरुद्ध आहे असा गिल्ला झाला. भांडारकरांनी एक टिपण छापून गृह्यसूत्रांच्या आधारे दाखवले की, प्राचीन काळी प्रौढ वधूंचे विवाह होत आणि गर्भाधानाचा जो मुहूर्त सनातनी पक्ष अनुल्लंघनीय मानतो तो तसा नाही. टिळकांनी सरकारला या विषयात हात घालू देण्यास विरोध केला, आणि वचनास वचन देत दोन्ही पक्षांची लढाई वर्तमानपत्रांच्या स्तंभांतून जुंपली. विधेयक १९ मार्च रोजी मंजूर झाले. माझ्या मते भांडारकरांचा पक्ष त्या वादात पुराव्यानेही बळकट होता आणि करुणेनेही. तथापि अल्पवयीन मुलीच्या देहाविषयीचा निर्णय सूत्रग्रंथांतील अवतरणांवर लटकत राहावा, ही गोष्ट त्या संशोधनाची मर्यादाही दाखवते.

काण्यांकडे येऊ. सरकारी शाळांतील अध्यापकाची नोकरी सोडून पांडुरंग वामन काणे १९११ पासून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. व्यवहारमयूखाची नवी आवृत्ती त्यांनी १९२६ मध्ये काढली. तिला जोडण्यासाठी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा एक निबंध लिहावयास घेतला, तो प्रस्तावनेत मावेना. मग त्याचे स्वतंत्र पुस्तक करावयाचे ठरले, तेही एका पुस्तकात मावेना. पहिला खंड १९३० मध्ये, पाचवा १९६२ मध्ये. एकंदर साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठे. सकाळी अशिलांचे कागद, दुपारी कोर्ट आणि मग पोथ्या, शिवाय आतड्याच्या व्रणाचे जुने दुखणे. वारसा, दत्तक, स्त्रीधन या वकिलीच्या विषयांपासून निघालेले हे पुस्तक तीर्थे, श्राद्ध, प्रायश्चित्त, राजधर्म असे हिंडत पाचव्या खंडात व्रते आणि काल यांवर येते, आणि तेथे काण्यांना ग्रह, नक्षत्रे, अधिकमास यांचा सांगोपांग विचार करावा लागतो. एकादशी कोणत्या दिवशी धरावी, हा प्रश्न धर्मशास्त्राचा म्हणावा की खगोलाचा? दीक्षितांच्या ग्रंथावाचून काण्यांचे तेथे पाऊल पुढे पडले नसते.

इकडे पुण्यास भांडारकर मंदिरात १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ झाला होता. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लाख रुपये देण्याचे वचन दिले होते. पहिली काही वर्षे काम चाचपडत चालले. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले तेव्हा त्याला शिस्त लागली. सुखठणकर केंब्रिजला गणित शिकले, मग बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत व्याकरण. पोथ्या ताडण्याची त्यांची पद्धत पाहिली की गणिताचा संस्कार लपत नाही. एका मोठ्या कागदावर श्लोक वरच्या ओळीत अक्षर सुटे करून लिहावयाचा. खाली एकेका पोथीला एकेक ओळ. ज्या अक्षराचा पाठ निराळा त्या अक्षराखालच्या घरात तो टिपावयाचा, बाकीची घरे कोरी. काश्मीरची शारदा, मिथिला, बंगाल, नेवारी, तेलुगु, ग्रंथ, मलयाळी अशा लिप्यांतील पोथ्या वाचण्यासाठी त्या त्या प्रांताचे शास्त्री नेमले होते. शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही असे कागद भरले जात. कागद भरला की उभ्या घरांवरून नजर फिरवताच कळे की, काश्मीरची पोथी आणि मलबारची पोथी येथे एक बोलतात आणि मधल्या सगळ्या निराळे. जे साक्षीदार कधी एकमेकांना भेटलेच नाहीत त्यांची जबानी जुळली तर न्यायाधीश ती खरी मानतो. सुखठणकरांनी हाच न्याय व्यासांच्या काव्याला लावला.

परिणाम काही वाचकांना जड गेला. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वात गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली; पुढे सभापर्वात द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा प्रसंगही पाठभेदांत उतरला. गणेशचतुर्थीच्या घरात ही वार्ता कशी पोचली असेल, याची कल्पना करावी! परंतु सुखठणकरांनी पोथ्यांपलीकडे काही म्हटले नव्हते. २१ जानेवारी १९४३ रोजी ते निवर्तले. बेलवलकर आणि नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम पुढे नेले, आणि १९६६ च्या सप्टेंबरात राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत त्याची सांगता झाली.

संशोधनाची एक संस्था तर सरळ दाव्यातूनच जन्मली. डेक्कन कॉलेज सरकारने काटकसरीच्या नावाखाली १९३४ मध्ये बंद केले. या कॉलेजच्या इमारतीसाठी जमशेटजी जिजीभाईंनी देणगी दिलेली होती; माजी विद्यार्थ्यांनी बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या पुढारीपणाखाली न्यायालयात धाव घेतली, आणि अखेर १९३९ च्या ऑगस्टात येरवड्याच्या त्याच आवारात पदव्युत्तर संशोधन संस्था उघडली. तेथे दाखल झालेल्यांत इरावती कर्वे होत्या. बर्लिनमध्ये कवट्यांची मापे घेऊन, कवटीच्या असमतेवरून वंशाची श्रेष्ठता ठरत नाही असा निष्कर्ष आपल्या मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध काढणाऱ्या या बाईंनी महाराष्ट्रातील जातीजातींची मापे घेतली, आणि १९५३ च्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाभारतातील नात्यांचीही झाडाझडती केली. महाभारतातील व्यक्तींवरील त्यांच्या 'युगान्त' या पुस्तकामागे चिकित्सक आवृत्ती उभी आहे. कुंतीचे आणि गांधारीचे ते निर्दय, स्पष्ट रूप सुखठणकरांच्या कोऱ्या-भरल्या घरांवाचून दिसले नसते.

त्याच काळात पुण्यात एक गणिताचे प्राध्यापक चांदीची जुनी नाणी तोलत बसलेले आढळत. दामोदर धर्मानंद कोसंबी हे जन्माने गोव्याचे, शिक्षणाने हार्वर्डचे, आणि १९३३ पासून फर्ग्युसन कॉलेजात. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, आणि जुन्या पारख्यांनी वेळोवेळी त्याच्या पाठीवर आपली लहान ठिपकी मारलेली असते; कोसंबींनी तक्षशिलेच्या साठ्यातील नाण्यांचे असे गट पाडले की एकाच्या पाठीवर एक ठसा, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन, आणि प्रत्येक गटाचे सरासरी वजन काढले. ठसे वाढत जातात तसतसे वजन घटत जाते. म्हणजे राजाचे नाव नसलेली, सन नसलेली नाणीही कोण आधी आणि कोण नंतर ते सांगू लागली. ताळ्यासाठी त्यांनी चालू चलनातील नाणीही जमवून तोलली. आनुवंशिकीत त्यांनी १९४४ मध्ये दिलेले एक सूत्र जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९४८ मध्ये त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली, त्याच शतकांची जी पाऊणशे वर्षांपूर्वी तेलंगांनी संपादिली होती. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईस जावे-यावे आणि सुटीच्या दिवशी पुण्याच्या भोवतालच्या टेकड्यांवर गारगोट्यांची हत्यारे वेचावीत, असा त्यांचा क्रम होता. त्यांचे सगळेच सिद्धान्त टिकले नाहीत. तराजू मात्र टिकला.

प्रयोगशाळांच्या विज्ञानाची कथा या मानाने त्रोटक आहे, कारण तिला पैसा लागे आणि तो उशिरा आला. तरी एका घराचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या भागवतांच्या कन्या कमला, लग्नानंतर सोहोनी, यांना बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत रामन यांनी स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, आत गेल्या, आणि १९३९ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरेटसह परत आल्या. त्यांच्या भगिनी दुर्गाबाई लोकसाहित्याकडे वळल्या. एका घरात वनस्पतींतील जीवरसायन आणि आदिवासींची गाणी दोन्ही शेजारी नांदत होती.

एवढे सांगून झाल्यावर दापोलीची राखलेली आठवण सांगावयास हवी. काणे दापोलीस शिकत होते त्याच दशकात त्या गावच्या कॅम्पात पेन्शनर झालेल्या महार शिपायांची वस्ती होती, आणि त्यांच्या मुलांना म्युनिसिपालिटीच्या शाळेत घ्यावे की नाही यावर तंटा चालू होता. सुभेदार रामजी आंबेडकर पेन्शन घेतल्यावर काही काळ तेथे राहिले. त्यांच्या धाकट्या मुलाच्या बालपणाचा काही काळ तेथलाच. ज्या तालुक्याने मंडलिक, दीक्षित आणि काणे दिले त्या तालुक्याच्या शाळेचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते, आणि वर वर्णिलेली सारी विद्या एका लहानशा वर्तुळात फिरत राहिली हे तिचे सर्वांत मोठे वैगुण्य होय. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त इतिहासाचे जे प्रश्न विचारले त्यांची दखल पोथ्या ताडणाऱ्यांनी घेतली नाही. विठ्ठल रामजी शिंदे यांचा अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील १९३३ चा ग्रंथही या मंडळींच्या चर्चेत यावा तितका आला नाही.

भीमराव आंबेडकर कोलंबियात अर्थशास्त्र शिकले, लंडनला रुपयाच्या प्रश्नावर डी. एस्सी. झाले, ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, आणि ज्या सरकारी लॉ कॉलेजात काण्यांनी पूर्वी शिकवले होते त्याचे १९३५ मध्ये प्राचार्य झाले. कायदा, अर्थशास्त्र आणि इतिहास यांचा असा संगम त्या सबंध काळात दुसऱ्या कोणाच्या ठायी झाला नाही. शूद्र कोण होते यावरील १९४६ च्या पुस्तकात त्यांनी आपल्याला संस्कृतावर प्रभुत्व नसल्याचे मोकळेपणाने मान्य केले, आणि त्यामुळे लिहिण्याचा अधिकार जातो हे मात्र मानले नाही. १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथात, वैदिक काळी गाय पवित्र असूनही, किंबहुना म्हणूनच, तिचे मांस खात असत, या मुद्द्यासाठी त्यांनी पुरावा घेतला तो काण्यांच्या 'धर्मशास्त्रविचार' या मराठी पुस्तकातला. पुरावा एकाचा, सिद्धान्त दुसऱ्याचा; आणि अस्पृश्यतेच्या उगमाविषयी दोघांची मते अगदी भिन्न. ज्या वाचकाला या शंभर वर्षांच्या विद्येचे बळ आणि उणीव ही दोन्ही एकाच बैठकीत पाहावयाची असतील त्याने काण्यांच्या दुसऱ्या खंडातील अस्पृश्यतेवरचे प्रकरण आणि आंबेडकरांचे ते पुस्तक शेजारी ठेवून वाचावीत, आणि काण्यांपासून आरंभ करावा.